वीस बाइटांसाठी मरणारा बोर्ड: कॅपकॉमच्या सीपीएस-२चं एक प्रकरण

हिरव्या प्लास्टिकच्या आवरणातला जपानी बोर्ड, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्राचा सर्किट बोर्ड. खेळ ‘वॅम्पायर सेव्हियर’, कॅपकॉम, १९९७. कॅबिनेट सेगाचं ॲस्ट्रो सिटी, जुन्या पद्धतीच्या पिक्चर ट्यूबचं. वीज दिली की मॉनिटर उजळतो, पण पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकच सपाट रंग. अक्षर नाही, आवाज नाही, टेस्टचं बटण दाबून मेनू उघडत नाही. हाच बोर्ड काही महिन्यांपूर्वी व्यवस्थित चालत होता. मधल्या काळात तो खोक्यात नुसता पडून होता, कोणी हात लावला नव्हता.

सीपीएस-२ बोर्ड सांभाळणाऱ्यांना ही लक्षणं चांगली ओळखीची आहेत. वारंवार दिसणारी ही स्थिती इथे एकाच नमुना प्रकरणात एकत्र मांडली आहे. दोष कुठून आला, तपास कोणत्या क्रमाने करायचा आणि बोर्ड पुन्हा कसा उभा करायचा, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. यंत्राची रचना समजल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं, तर जिवंत बोर्डही मरतो.

बोर्डाची घडण

जपानमध्ये १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रत्येक कंपनीच्या बोर्डाची जोडणी वेगळी असायची. खेळ बदलायचा तर कॅबिनेटमधल्या तारांचा जुडगाच बदलावा लागे. १९८५च्या सुमारास जपानी यंत्रनिर्मात्यांच्या संघटनेने एकच जोडणी ठरवली आणि संघटनेच्या आद्याक्षरांवरून तिला जॅम्मा हे नाव पडलं. बोर्डाच्या कडेवर दोन्ही बाजूंना २८-२८ असे ५६ संपर्क, दोन संपर्कांतलं अंतर ३.९६ मिलिमीटर. वीजपुरवठा, चित्राचे लाल-हिरवा-निळा आणि सिंक (चित्र जागेवर धरणारा संकेत), स्पीकर, नाण्याचे स्विच, दोन खेळाडूंच्या काठ्या आणि प्रत्येकी तीन बटणं, हे सगळं त्यातूनच जातं. उलटं लावलं जाऊ नये म्हणून सातव्या जागी खाच असते. ॲस्ट्रो सिटीसारखी कॅबिनेटं या जोडणीवरच उभी राहिली: कॅबिनेट एकदा घ्यायचं, बोर्ड बदलत राहायचे.

कॅपकॉमने पुढचं पाऊल टाकलं ते बोर्डाच्या आतच. सीपीएस (कॅपकॉम प्ले सिस्टिम) ही त्यांची पहिली सामायिक रचना १९८८ची. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’ने ती गाजवली आणि तीन बटणांची जॅम्मा तिथेच अपुरी पडली. या खेळाला सहा बटणं लागतात, म्हणून उरलेल्या तीन बटणांसाठी बोर्डावर वेगळी जोडणी आली. १९९३मध्ये आलेल्या सीपीएस-२मध्ये ही जोडणी ३४ पिनांची आहे. सहा बटणांचा खेळ असूनही लाथांची बटणं (तीच ही उरलेली तीन) चालत नसतील, तर आधी हीच तार बघावी. बोर्डात दोष शोधत बसायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

सीपीएस-२चे दोन भाग. खालचा ए-बोर्ड सगळ्या खेळांना सामायिक: जॅम्माची कड त्याच्यावर, बाकीची साधारण यंत्रणाही त्याच्यावर. वरचा बी-बोर्ड म्हणजे खुद्द खेळ: प्रोग्रॅम आणि चित्रांच्या रॉम (कायमची माहिती ठेवणाऱ्या चिपा), शिवाय १६ मेगाहर्ट्झवर चालणारा, ‘६८०००’ या जातीचा खास प्रोसेसर. दोन्ही भाग ६४ पिनांच्या तीन कनेक्टरांनी जोडलेले. आवरणाच्या रंगावरून प्रदेश कळतो: जपानचा हिरवा, अमेरिका-युरोपचा निळा, आशियाचा करडा. दुकानदाराने एक ए-बोर्ड घ्यायचा आणि नवा खेळ आला की फक्त बी-बोर्ड बदलायचा, असा हा हिशेब. एसएनकेने १९९०च्या निओ जिओ एमव्हीएसमध्ये कार्ट्रिज वापरून जे साधलं, त्याचंच हे कॅपकॉमचं उत्तर म्हणता येईल.

कुलूप का घातलं

‘स्ट्रीट फायटर २’च्या यशाबरोबर नकली बोर्डांचा पूर आला. केवळ नक्कल नव्हे, प्रोग्रॅममध्ये फेरफार केलेल्या आवृत्त्याही बाजारात फिरत होत्या. ‘रेनबो एडिशन’ नावाने ओळखली जाणारी त्यातली सर्वांत प्रसिद्ध. तिच्यात खेळाडू हवेतही खास डाव टाकू शकत. रॉम वाचायची, दुसऱ्या चिपांवर उतरवायची आणि तसाच बोर्ड बनवायचा, एवढंच नकलाकाराला करायचं होतं. रॉम वाचूनही उपयोग होऊ नये, असं काहीतरी कॅपकॉमला हवं होतं.

त्यासाठी प्रोग्रॅम सांकेतिक करून त्याची किल्ली बॅटरीवर सांभाळायचं तंत्र त्यांना नवीन नव्हतं. सीपीएसच्या शेवटच्या काळातल्या, क्यूसाउंड ही आवाजाची यंत्रणा असलेल्या बोर्डांवर आवाजाचा झेड८० प्रोसेसर ‘काबुकी’ नावाच्या, बॅटरीवर किल्ली सांभाळणाऱ्या चिपमध्ये होता. आपल्याकडच्या व्हिडिओ गेमच्या दुकानांत ज्याला सरसकट ‘मुस्तफा’ म्हणत, तो १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ याच जातीच्या बोर्डावरचा. सेगानेही एफडी१०९४ या प्रोसेसरमध्ये बॅटरीचाच आधार घेतला होता. सीपीएस-२मध्ये कुलूप मुख्य प्रोसेसरलाच लागलं.

कुलपाची रचना खरोखर देखणी आहे. रॉममध्ये प्रोग्रॅमचे आदेश सांकेतिक रूपात असतात. प्रोसेसर आदेश उचलतो तेव्हा तो आतल्या आतच उलगडतो. खेळाचे आकडे, तक्ते यांसारखी माहिती मात्र उघडीच असते. उलगडण्यासाठी चार-चार फेऱ्यांची दोन फाइस्टेल जाळी (माहितीचे दोन भाग करून फेरीफेरीने मिसळणारी रचना) आणि ६४ बिटांची किल्ली. पहिलं जाळं आदेश कोणत्या पत्त्यावर आहे हे घेऊन दुसऱ्याची किल्ली घडवतं, दुसरं खुद्द आदेश उलगडतं. त्यामुळे एकच आदेश वेगळ्या पत्त्यावर वेगळाच दिसतो आणि कोणता आदेश किती वेळा येतो हे मोजून काही हाती लागत नाही.

किल्ली आणि तिच्यासोबतची मांडणी मिळून २० बाइट होतात. हे २० बाइट रॉममध्ये नाहीत. ते प्रोसेसरच्या आतल्या, वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत आहेत, आणि कॅबिनेट बंद असताना त्या मेमरीला जिवंत ठेवतो बी-बोर्डावर सोल्डर केलेला ३.६ व्होल्टचा एक लिथियम सेल. सेल संपला की किल्ली गेली. किल्ली गेली की प्रोसेसर सांकेतिक आदेश तसेच चालवू पाहतो, पहिल्याच पावलाला भरकटतो, आणि पडदा एकरंगी राहतो. इंग्रजीत या सेलला आत्महत्येची बॅटरी म्हणतात ते यामुळेच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा सेल उच्चांक किंवा सेटिंग जपण्यासाठी आहे असं अनेकांना वाटतं, म्हणून संपला तर आकडे पुसले जातील एवढीच त्यांची कल्पना असते. सेटिंग वेगळ्या ईईप्रॉममध्ये, ९३सी४६ या १२८ बाइटांच्या चिपमध्ये राहतात. तिला बॅटरी लागत नाही.

तपासाचा क्रम

एकरंगी पडदा दिसला की सेल मेला असं गृहीत धरण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. हेच लक्षण आणखी तीन कारणांनी येतं, आणि तिन्ही कारणं किल्लीपेक्षा स्वस्त आहेत.

सर्वांत आधी ५ व्होल्ट मोजायचे, आणि तेही पुरवठ्यापाशी नाही, बोर्डावर. कॅबिनेटच्या तारांत, जुन्या जॅम्मा कनेक्टरच्या काळवंडलेल्या पट्ट्यांत दोन-तीन दशांश व्होल्ट सहज हरवतात. मल्टिमीटरचं काळं टोक जॅम्माच्या १ किंवा २ नंबरच्या संपर्काला, लाल ३ किंवा ४ला. बोर्ड चालू असताना आकडा ४.९५ ते ५.१ यांच्यामध्ये असावा. कमी असेल तर आधी कड आणि कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, मगच पुरवठ्यावरचा स्क्रू अगदी थोडाथोडा फिरवायचा. ५.२५च्या वर कधीही नाही. हरवलेले व्होल्ट भरून काढायला पुरवठाच वाढवून ठेवला, तर पुढे कनेक्टर स्वच्छ झाल्यावर तोच जादा विद्युतदाब बोर्डावर येतो.

इथे जपानी कॅबिनेटची एक खास बाब. जपानची घरगुती वीज १०० व्होल्टची, पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ. वारंवारतेचा त्रास होत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट असल्याने ट्रान्सफॉर्मर लागतोच आणि तो १०० व्होल्टचाच घ्यावा. अमेरिकी उपकरणांसाठी विकला जाणारा ११० किंवा १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मॉनिटरला कायम जास्त दाबाखाली ठेवतो.

दुसरं, ए आणि बी बोर्डांमधले तीन कनेक्टर. एकूण १९२ पिना. त्यांतली एकही नीट टेकली नाही तरी पडदा एकरंगी राहू शकतो. वीज बंद करून बी-बोर्ड सरळ वर उचलायचा. एका बाजूने उचकटला तर टोकाच्या पिना वाकतात, आणि जुनं प्लास्टिक कडेला तडकतं. पिना पुसायच्या, वाकलेली पीन बारीक चिमट्याने सरळ करायची, बोर्ड दोन्ही हातांनी सारखा दाब देत बसवायचा. अनेक ‘मेलेले’ बोर्ड एवढ्यानेच उठतात.

तिसरं, अदलाबदल. चालू असलेला दुसरा बी-बोर्ड याच ए-बोर्डावर लावून पाहायचा. तो चालला तर ए-बोर्ड, पुरवठा आणि कॅबिनेट निर्दोष.

आपल्या प्रकरणात ५.०२ व्होल्ट मिळाले, पिना स्वच्छ केल्या, दुसरा बी-बोर्ड चालला, असं धरू. आता बी-बोर्डाचं आवरण उघडायचं आणि सेलच्या दोन टोकांवर मीटर लावायचा. २ व्होल्टच्या खाली आकडा आला तर किल्ली गेली असं समजायचं. आकडा ३.६ असून पडदा एकरंगी असेल तर प्रोग्रॅमच्या ईप्रॉमकडे (पुन्हा लिहिता येणाऱ्या रॉम चिपांकडे) वळायचं, किंवा सेल मधे कधीतरी सुटून परत लागला होता का हे बघायचं. किल्ली एकदा पुसली की नवा सेल तिला परत आणत नाही.

सेल गळला आहे का तेही पाहायचं. सेलच्या बुडाशी पांढरट-हिरवट थर, काळपट झालेलं सोल्डर, आसपास खाल्ल्या गेलेल्या तांब्याच्या रेषा, ही खूण. बहुतेकजण सवयीने व्हिनेगर लावतात, आणि ते इथे चुकीचं आहे. व्हिनेगर साध्या अल्कलाइन सेलच्या गळतीला चालतं, कारण ती क्षारीय असते. लिथियम थायोनिल क्लोराइड सेलची गळती आम्लधर्मी असते. तिला खाण्याच्या सोड्याचं पातळ पाणी लावायचं, मग स्वच्छ पाणी, मग अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्यायचं. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून.

किल्ली परत घालणं

२००१पर्यंत या अवस्थेतल्या बोर्डाला दोनच वाटा होत्या: पैसे भरून कॅपकॉमकडून दुरुस्त करून घेणं किंवा सुटे भाग म्हणून वापरणं. जानेवारी २००१मध्ये सीपीएस-२ शॉक या गटाने जिवंत बोर्डांवर स्वतःचा कोड चालवून उलगडलेले आदेश बाहेर काढले. त्यातून ‘फिनिक्स’ पद्धत आली: उलगडलेला प्रोग्रॅम २७सी४०९६ ईप्रॉमवर लिहून मूळ चिपांच्या जागी बसवायचा. किल्ली नसलेला प्रोसेसर उघडे आदेश निमूट चालवतो. जानेवारी २००७मध्ये आंद्रेआस नाइव्ह आणि निकोला साल्मोरिया यांनी संकेताची पूर्ण पद्धत शोधली आणि प्रत्येक खेळाची किल्ली कळली. एप्रिल २०१६मध्ये एदुआर्दो क्रूझ, आर्तेमिओ उर्बिना आणि इयन कोर्ट यांनी कारखान्यात किल्ली प्रोसेसरमध्ये कशी घातली जायची तेच उलगडून दाखवलं. तेव्हापासून मेलेला बोर्ड कुठलाही मूळ भाग न बदलता जसाच्या तसा उठवता येतो.

या दोहोंत निवड करायची तर २०१६ची पद्धतच निवडावी. फिनिक्सने एका कठीण काळात शेकडो बोर्ड कचऱ्यातून वाचवले, हे ऋण मोठं आहे. पण त्यात मूळ ईप्रॉम काढावे लागतात, आणि सुरुवातीच्या पडद्यापासून तो बोर्ड मूळ राहत नाही. मूळ किल्ली परत घालता येत असताना बोर्डाचं रूप बदलण्याचं कारण उरत नाही.

पहिली पायरी, कोणती किल्ली ते ठरवणं. किल्ली खेळाप्रमाणे आणि प्रदेशाप्रमाणे वेगळी असते. आवरणाच्या रंगावर विसंबू नये, कारण वर्षानुवर्षांत आवरणांची अदलाबदल झालेली असते. प्रोग्रॅमच्या ईप्रॉमवरच्या चिठ्ठ्या वाचायच्या: ‘व्हीएम३जे’ लिहिलं असेल तर व्हीएम३ म्हणजे ‘वॅम्पायर सेव्हियर’ आणि जे म्हणजे जपान. चिठ्ठी गळून पडली असेल तर चिप वाचून ती कोणत्या आवृत्तीची आहे ते ताडून घ्यायचं. दुसऱ्या प्रदेशाची किल्ली घातली तर काहीही बिघडत नाही, पण पडदाही बदलत नाही, आणि पद्धतच चुकली असं वाटून तासन्‌तास वाया जातात.

दुसरी, नवा सेल. हे किल्ली लिहिण्याच्या आधी करायचं, कारण लिहिलेली किल्ली टिकवायला सेल लागतो. ३.६ व्होल्टचा, अर्ध्या एए मापाचा, ईआर१४२५० या नावाने मिळणारा, आणि टोकांना पट्ट्या वेल्ड केलेला. नुसत्या सेलच्या अंगावर थेट सोल्डर करू नये. आतली उष्णता वाढली तर तो फुटू शकतो. चार्ज होणारा निकेल कॅडमियमचा पॅक ३.६ व्होल्टचा असतो म्हणून कधीकधी बसवलेला आढळतो. ही रचना त्याच्यासाठी नाही: तो चार्ज होत नाही, काही महिन्यांत संपतो आणि नंतर गळतो.

तिसरी, लिहिणं. बी-बोर्डावर प्रोसेसरपर्यंत जाणारा एक छोटा कनेक्टर कारखान्यातल्या याच कामासाठी होता. आर्डुइनोसारखा ५ व्होल्टवर चालणारा साधा मायक्रोकंट्रोलर बोर्ड त्याला जोडतात: एक तार जमिनीची (ग्राउंडची), बाकी माहिती, घड्याळ आणि मांडणीच्या संकेतांच्या. बी-बोर्डाच्या अनेक आवृत्त्या आहेत, म्हणून आपल्या बोर्डावर छापलेला क्रमांक आणि आकृतीवरचा क्रमांक जुळवूनच तारा लावायच्या. २० बाइट बिटाबिटाने आत जातात. हे काम क्षणात संपतं. तारा काढायच्या, बी-बोर्ड ए-बोर्डावर बसवायचा, वीज द्यायची. खेळ सुरू झाला तर टेस्ट मेनू उघडून प्रत्येक बटण आणि आवाज तपासायचा, मग बोर्ड बंद करून एक रात्र तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशीही चालला तरच सेलची जोडणी पक्की आहे. लगेच चालणारा आणि सकाळी मेलेला बोर्ड म्हणजे सेलच्या पायाशी कच्चं सोल्डर.

सेलच्या फेऱ्यातूनच सुटायचं असेल तर इन्फिनीकी नावाचा छोटा भाग मिळतो. तो किल्ली स्वतःजवळ ठेवतो आणि दर वेळी वीज आल्यावर प्रोसेसरला देतो. जो बोर्ड वर्षानुवर्षं कपाटात राहणार आहे त्यासाठी हाच उपाय योग्य. गळायला सेलच उरत नाही.

शेजारचा बोर्ड, जो अजून जिवंत आहे

या प्रकरणाचा खरा धडधाकट रुग्ण दुसराच असतो: त्याच कपाटातला, अजून चालणारा बी-बोर्ड. त्याच्या सेलवर मीटर ३.६ दाखवतो आणि मालक निश्चिंत होतो. हा आकडा फसवा आहे. थायोनिल क्लोराइड सेलचा दाब जवळपास शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग अचानक कोसळतो. म्हणून आकडा नाही, वय बघायचं. १९९०च्या दशकातला मूळ सेल अजून बोर्डावर असेल तर तो आज चालतोय हे नशीब, बदलायचाच.

बदलताना किल्ली सांभाळण्यासाठी तात्पुरता आधार द्यायचा. तीन अल्कलाइन एए सेलचा पॅक, त्याच्या धन टोकाला एकापुढे एक दोन १एन४१४८ डायोड आणि ४.७ किलोओहमचा रोधक. डायोडांमुळे पॅकमध्ये उलटा प्रवाह शिरत नाही आणि दाब चार व्होल्टच्या आसपास उतरतो. रोधकामुळे जुन्या सेलमध्ये जाणारा प्रवाह मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाएवढा राहतो. मेमरी टिकवायला लागणारा प्रवाह इतका कमी की ४.७ किलोओहमवर तिला काहीच तोटा होत नाही. पॅकची धन तार सेलच्या धन रेषेवर, ऋण तार ऋण रेषेवर, पण सेलच्या पायांपासून थोडी दूर सोल्डर करायची, म्हणजे पाय सोडवताना ती निघत नाही. मग जुना सेल काढायचा, त्या टोकांवर आधाराचा दाब मोजायचा, नवा सेल धन-ऋण दोनदा बघून बसवायचा, आणि शेवटी पॅक काढायचा.

यात बोर्ड मारणाऱ्या चुका दोन. पहिली, काळ्या वाहक फोमवर किंवा वाहक चटईवर बोर्ड ठेवणं: स्थिर विजेपासून वाचवायला ठेवलेला तोच फोम बोर्डाच्या पाठीवरची सेलची दोन टोकं जोडतो. लाकडी टेबलावर कोरडा कागद घालून त्यावर बोर्ड ठेवावा. दुसरी, बोर्ड कॅबिनेटला जोडलेला असताना अर्थिंग असलेल्या सोल्डरिंग आयर्नने काम करणं. बोर्डाची जमीन कॅबिनेटमार्फत अर्थिंगला आणि आयर्नचं टोकही अर्थिंगला. ते धन टोकाला टेकताच सेल शॉर्ट होतो आणि किल्ली संपते. बोर्ड पूर्ण सुटा करून, एकही तार न ठेवता काम करायचं.

सीपीएस-३ मालकांनी तर जास्तच जपायला हवं. १९९६च्या त्या यंत्रात सीडीवरून खेळ भरतो, पण प्रोसेसर आणि किल्ली सुरक्षा कार्ट्रिजमध्ये, तशाच एका सेलवर. एकाच कपाटात दोन्ही असतील तर कार्ट्रिजला आधी हात घालावा.

सेल बदलला की आवरणाच्या आतल्या बाजूला महिना आणि वर्ष पेनाने लिहून ठेवावं, आणि बाहेर एक छोटी चिठ्ठी: खेळ, प्रदेश, बी-बोर्डाचा क्रमांक, सेलची तारीख. बोर्ड पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला आवरण उघडल्याशिवाय कळायला हवं की हा सेल किती जुना आहे.